गाईचं बी राखायचं तर आधी नोंद राखा



पाऊस उघडलाय, सोयाबीनची फवारणी उरकली, म्हणून आज जरा निवांत लिहायला बसलो. नेहमी पिकाचं लिहितो, आज गोठ्याचं लिहितो. पोस्ट लांबली आहे, पण ज्यांच्या दावणीला एक तरी देवणी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. मी दहावी पास माणूस. जेवढं कळलं तेवढंच लिहितो. डॉक्टर लोकांनी चुकलं तिथं दुरुस्त करावं.

गेल्या महिन्यात आमच्या गावात जनावरांचं शिबिर झालं. तरुण डॉक्टर होते, चांगलं समजावून सांगत होते. म्हातारी झालेली, उलटणारी गाय असली तरी तिच्या पोटातून बीजांडं काढता येतात, प्रयोगशाळेत पिकवून त्याचं वासरू दुसऱ्या गाईच्या पोटी वाढवता येतं, असं ते म्हणाले. पुढं बोलता बोलता हेही म्हणाले की आता नुसतं बीजांड नाही, अंडाशयाचा तुकडाच बाहेर काढून जिवंत ठेवायचे, वाढवायचे प्रयोग जगात चालू आहेत.

आमचे अर्धापूरचे दाजी त्या दिवशी घरी आलेले. केळीवाले. ते लगेच म्हणाले, "म्हणजे केळीसारखं टिश्यू कल्चर की! एका गाईच्या हजार गाई. मग काय, दुधाचा महापूर."

सगळे हसले. पण रात्री मला झोप लागेना. कारण दाजींचं अर्धं खरं आणि अर्धं चूक होतं, आणि त्यातल्या चुकीच्या अर्ध्यावर माणसं उद्या पैसे लावतील. आधी तेवढं मोकळं करतो, मग माझं म्हणणं सांगतो.

केळीचं कसं असतं? कंदाच्या कोंबाचा बारीक तुकडा घेतात, बाटलीत खाऊपिऊ घालतात, त्याला फुटवे फुटतात, त्यांची रोपं होतात. तुकड्यातून आख्खं झाड. आणि सगळी झाडं एकसारखी. गाईचं तसं नाही. गाईच्या अंडाशयाचा तुकडा बाटलीत ठेवला तर त्यातून गाय उगवत नाही. त्यात फक्त बीजांड वाढतं. पुढं त्याला वळूचं वीर्य लागतं, आणि नऊ महिने वाढायला जिवंत गाईचं पोट लागतं. म्हणजे हे रोप नव्हे, हे बियाणं आहे. प्रयोगशाळा म्हणजे बियाण्याची कणगी समजा. पेरणी गोठ्यातच होणार.

आता त्या कणगीत आज काय काय होतं ते बघा.

पहिला प्रकार रोजच्या वापरात आलेला. गाईला शेपटीच्या बुडाशी भूल देतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर अंडाशय बघत लांब बारीक सुईनं त्यावरच्या पाण्याच्या फोडासारख्या पुटिकांतलं पाणी ओढून घेतात. त्या पाण्यात बीजांडं येतात. ती कच्ची असतात. साडेअडतीस अंशाच्या पेटीत, म्हणजे गाईच्या अंगात असते तेवढ्याच उबेत, ती एक दिवस पिकवतात. मग वीर्याशी गाठ घालतात. नंतर सात दिवस वाढवतात. आठवडाभरापूर्वी माजावर येऊन गेलेल्या दुसऱ्या गाईच्या गर्भाशयात तो भ्रूण सोडतात. शंभर बीजांडं ठेवली तर साधारण तीस-पस्तीस भ्रूण हाती लागतात, आणि दहा भ्रूण सोडले तर तीन-चार गाई गाभण राहतात. म्हणजे आपल्या बियाण्याच्या उगवणीपेक्षा फार कमी. हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो.

आपल्या देशात हे नवं नाही. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत १९९० मध्येच असं म्हशीचं रेडकू जन्मलं. त्याचं नाव ठेवलं होतं 'प्रथम'. आणि आपली गीर गाय ब्राझीलला गेली, तिथं तिच्यासारख्या वशिंडाच्या गाईंवर याच पद्धतीनं एवढं काम झालं की प्रयोगशाळेतल्या भ्रूणांच्या बाबतीत ब्राझील जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. वशिंडाच्या गाईच्या अंडाशयातून विलायती गाईपेक्षा जास्त बीजांडं मिळतात, हाही त्यांचा एक फायदा.

दुसरा प्रकार म्हणजे अंडाशयाचा तुकडाच राखणं. एडिंबरोत मेंढीच्या अंडाशयाचे पातळ काप उणे १९६ अंशाला, म्हणजे आपल्या वीर्याच्या कांड्या ठेवतात त्याच नायट्रोजनमध्ये गोठवले, पुन्हा त्याच मेंढीच्या अंगात बसवले, आणि तिला कोकरू झालं. १९९४ ची गोष्ट. त्यानंतर दहा वर्षांनी, २००४ मध्ये, बेल्जियममध्ये कर्करोगाच्या उपचारातून गेलेल्या बाईला अशाच राखून ठेवलेल्या तुकड्यातून मूल झालं.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड. तुकड्यातलं अगदी कोवळं, झोपलेलं बीजांड बाटलीतच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाढवायचं. अमेरिकेत १९९६ मध्ये उंदराच्या बाबतीत ते जमलं. एकच पिल्लू जगलं, आणि तेही मोठेपणी लठ्ठ आणि आजारी निघालं. पुढं २००३ मध्ये त्याच लोकांनी पद्धत सुधारली तेव्हा पन्नासहून जास्त पिल्लं झाली. जपानमध्ये २०११ साली उंदराच्या नवजात पिल्लाच्या वृषणाचा तुकडा बाटलीत वाढवून त्यातून शुक्रजंतू तयार केले, आणि त्यापासून पिल्लंही झाली. पण उंदीर म्हणजे गाय नव्हे. उंदराचं बीजांड तीन आठवड्यांत तयार होतं, गाईचं कोवळं बीजांड पूर्ण वाढायला सहा महिन्यांच्या आसपास लागतात. एवढे दिवस बाटलीत तुकडा जिवंत ठेवणं म्हणजे उन्हाळ्यात बिनपाण्याची रोपवाटिका जगवणं. अर्धवट वाढलेलं बीजांड दोन आठवडे बाहेर वाढवून जपानी लोकांनी वासरू मिळवलंय. अगदी पहिल्या पायरीपासून गाईचं अजून जमलेलं नाही.

हे झालं शास्त्र. आता माझं दुखणं सांगतो.

आमच्या घरी देवणी आली ती माझ्या मायच्या आंदणात. माय लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिच्या बापानं रतन नावाची गाय दिली. वानेरा देवणी. अंग पांढरंशुभ्र, तोंडाच्या बाजू काळ्या. आपल्याकडं देवणीत तीन प्रकार धरतात, वानेरा, बाळंक्या आणि शेवेरा. जुन्या माणसांना लांबून ओळखू येतात. रतनची मोरणी, मोरणीची कपिली, कपिलीची वाघी, वाघीची चंद्री. चंद्री माझ्या हातावर वाढली.

चंद्रीसारखी गाय मी दुसरी पाहिली नाही. नुसत्या कडब्यावर आणि बांधावरच्या चाऱ्यावर सहा-सात लिटर. लेकरं तिच्या पायांतून जायची. तिचे गोऱ्हे बैल झाले तर हैदराबादेपर्यंतचे व्यापारी बघायला यायचे. आठ वेतं झाली. पाच गोऱ्हे, तीन कालवडी.

त्या तीन कालवडींतल्या दोन मी २०१६ च्या दुष्काळात विकल्या. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. माणसाला पाणी नव्हतं, कडब्याची पेंडी सोन्याच्या भावानं होती. विकल्या, त्याचं कारण होतं. पण कुणाला विकल्या, कुठं गेल्या, याची एक ओळ मी लिहून ठेवली नाही. ती चूक माझीच. तिसरी लहानपणीच गेली.

आणि २०२२ मध्ये लम्पी आला. पोळ्यानंतर पंधरा दिवसांनी चंद्रीच्या अंगावर गाठी उठल्या. अकरा दिवस सेवा केली. बाराव्या दिवशी जेसीबीनं खड्डा काढला, चुना-मीठ टाकलं आणि मातीआड केली. त्याच महिन्यात तिच्या धाकट्या बहिणीची, गुणीची, एकुलती एक कालवड पण गेली.

त्या शिबिरात डॉक्टरांनी एक आकडा सांगितला. कालवड जन्मते तेव्हाच तिच्या दोन अंडाशयांत लाखाच्या वर कोवळी बीजांडं असतात. नवीन पुढं तयार होत नाहीत, तीच आयुष्यभर पुरवायची. गाय त्यातली वापरते किती? आठ-दहा वासरं. बाकीची आपोआप विरून जातात. मी मनात हिशोब केला. चंद्रीला पुरलं तेव्हा तिच्यासोबत हजारो बीजांडं मातीत गेली असतील.

मी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, त्या दिवशी काढून ठेवली असती तर?"

ते खरं बोलले. म्हणाले, "काका, लम्पीनं मेलेल्या जनावराचं काही ठेवता येत नसतं. रोग सोबत राखला जाईल. निरोगी जनावर अपघातानं किंवा साप चावून गेलं तर काही तासांत अंडाशय थर्मासमध्ये घालून प्रयोगशाळेत पोचवायचा असतो. नाहीतर जिवंतपणीच काढायचं."

हे ऐकून मला आपल्या जुन्या माणसांचं बियाणं आठवलं. ज्वारीचं बी कधी राखायचे? सुगीत, कणीस भरलेलं असताना. रानात फिरून चांगलं कणीस हेरून, राखेत घालून गाडग्यात ठेवायचे. दुष्काळ पडल्यावर बी राखायला कुणी निघत नसतो. गाईच्या बाबतीत मात्र आपण रोग आल्यावर जागे होतो.

जगात याचं मोठं उदाहरण आहे. आफ्रिकेतला उत्तरेकडचा पांढरा गेंडा. सुदान नावाचा शेवटचा नर केनियात मार्च २०१८ मध्ये मेला. आता फक्त दोन माद्या आहेत, नाजिन आणि फातू, मायलेकी. दोघीही स्वतः पिल्लू वाढवू शकत नाहीत. मग बीजांडं काढून विमानानं इटलीतल्या क्रेमोनाला नेली, आधी मरून गेलेल्या नरांचं गोठवलेलं वीर्य वापरून भ्रूण तयार केले. ते दुसऱ्या जातीच्या गेंड्याच्या मादीत वाढवायची खटपट चालू आहे. एवढी मोठी शास्त्रज्ञ मंडळी, एवढा खर्च, पण त्यांच्या हातात सामान किती? कुणीतरी वेळेवर राखून ठेवलं तेवढंच.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे की प्रयोगशाळेला नावं ठेवू नका. देशी गाईवर प्रेम आहे म्हणून पोळ्याला हार घालणारे पुष्कळ आहेत. २०१९ च्या पशुगणनेत देशातली देशी गोवंशाची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सहा टक्क्यांनी घटलेली निघाली. हारानं ती थांबली नाही.

काही जण म्हणतील की वळूचं वीर्य गोठवलेलं आहेच, मग अंडाशय कशाला? त्याचं गणित सोपं आहे. नुसतं वीर्य असलं आणि देवणी गाय उरलीच नाही, तर दुसऱ्या गाईवर ते वापरावं लागेल. पहिल्या पिढीत आठ आणे देवणी, दुसऱ्या पिढीत बारा आणे, तिसऱ्या पिढीत चौदा आणे. पाच-सहा पिढ्या गेल्यावर कुठं जवळपास येतं. एका पिढीला तीन-चार वर्षं धरली तर वीस वर्षं गेली. तोवर माझी राख झालेली असेल. दोन्ही बाजूंचं बी राखलेलं असेल तर पहिलंच वासरू सोळा आणे देवणी. अंडाशयाचा तुकडा राखायला शिकणं त्यासाठी महत्त्वाचं आहे.

आता दुसरं म्हणणं. ते जास्त महत्त्वाचं, आणि त्यावर वाद होणार.

शिबिराच्या दिवशी डॉक्टरांनी गुणीला तपासलं. वय तेरा. तीन वर्षांपासून उलटतेय. ते म्हणाले, "काका, हिच्यातून अजून बीजांडं मिळतील. वयामुळं कमी मिळतील, पण प्रयत्न करण्यासारखा आहे." मला काय आनंद झाला सांगू. चंद्रीची सख्खी बहीण. रतनच्या रक्ताची शेवटची मादी.

मग त्यांनी तिच्या कानातला पिवळा बिल्ला बघून बारा आकडे मोबाईलमध्ये टाकले. आणि थांबले. म्हणाले, "काका, इथं हिची जात देवणी नाही. गावठी आहे. वर्णन नसलेली."

मी म्हटलं, साहेब डोळ्यांनी बघा की. ते म्हणाले, "मला दिसतंय. पण निवड कागदावरून होते. गावठी म्हणून नोंदलेल्या गाईचं भ्रूण कुणी तयार करत नाही."

झालं असं होतं की बिल्ले मारायला आलेल्या पोरानं एका दुपारी आमच्या आळीतली चाळीस जनावरं उरकली. मी रानात होतो. जात विचारायला घरी कुणी नव्हतं, त्यानं सोपं होतं ते टाकून दिलं. मला त्या पोराचा राग नाही. चाळीस डिग्रीत एका माणसानं चाळीस जनावरं धरायची म्हणजे असंच होणार. पण मायच्या आंदणातली, पाच पिढ्यांची नावं तोंडपाठ असलेली गाय एका बोटानं गावठी झाली. आणि मला दोन वर्षं पत्ता नाही, कारण मी बिल्ला वाचून बघितलाच नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे. प्रयोगशाळेत तुकडा वाढवतील, बीजांड पिकवतील, उद्या जे आज जमत नाही तेही जमेल. पण तुकडा कुणाचा वाढवायचा हे सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. तो कागदावरून ठरतो. आणि कागद आपल्या गोठ्यात तयार होतो, किंवा होतच नाही. चुकीच्या गाईचं बी कितीही चांगल्या कणगीत ठेवलं तरी चुकीचंच उगवणार. आणि बरोबर गाय नोंदीअभावी बाहेर राहिली, तर ती राखली जाणारच नाही.

तिसरं, दाजींच्या महापुराबद्दल. एका उत्तम गाईच्या हजार वासरांचं स्वप्न मला भितीदायक वाटतं. दाजींनाच विचारलं, "तुमच्या केळीत रोग आला की काय होतं?" ते गप्प झाले. सगळी बाग एकसारखी, म्हणून रोगही सगळ्या बागेला एकसारखा. व्हायरस आला की उपटून फेकायची. गाईचं अगदी तसं होणार नाही, कारण दर वासरात आई-बाप मिसळतात. पण दहा गाई आणि चार वळू यांच्यावरच सगळा जोर दिला तर दोन-तीन पिढ्यांत भाऊ-बहिणीचीच लग्नं लागणार. बरं, ती दहा गाई निवडणार कशावर? दुधावर. देवणी नुसती दुधाची गाय नाही. तिचा गोऱ्हा नांगराला चालतो, खूर टिकतो, मे महिन्यात ती उन्हात चरते. माझी संकरित गाय चौदा लिटर देते, माझं घर तीच चालवते, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मे महिन्यात ती जीभ काढून धापा टाकते आणि मला पंखा लावावा लागतो. दूध मोजायला माप आहे. खूर, ऊन, स्वभाव मोजायला माप नाही, म्हणून ते निवडीत येत नाही.

पोरगा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "बाबा, बैल कुणाला लागतात आता? ट्रॅक्टर आहे. देवणी राखून करणार काय?" त्याचं खोटं नाही. मी पण ट्रॅक्टरनंच नांगरतो. माझं उत्तर एवढंच की मी आज देवणीचा कळप वाढवा म्हणत नाही. बी राखा म्हणतो. पुढं ऊन वाढलं, चारा कमी झाला, नवा रोग आला, तर कुठल्या गाईचा कुठला गुण कामाला येईल हे आज मलाही सांगता येत नाही आणि पुण्यालाही सांगता येत नाही. घरचं बी सोडून दरवर्षी पिशवी आणायची सवय लागल्यावर काय होतं ते आपण बघितलंय. आता जुनं वाण पाहिजे म्हटलं तर दारोदार फिरावं लागतं.

आता मायचं. मायला सगळं सांगितलं तर ती ताट सारून बसली. "लेकरा, म्हाताऱ्या गाईला कशाला सुया टोचायलास? आयुष्यभर दिलं तिनं. आता पोटातलं पण ओरबाडून घेतोस का?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. आणि हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जनावराला बोलता येत नाही. भूल देतात, काळजी घेतात हे खरं, पण सुई ती सुईच. काही ठिकाणी एकाच गाईचं महिन्यातून दोनदा काढतात. चांगली गाय असली की माणसाचा हात थांबत नाही, हे आपण आपल्याच स्वभावावरून ओळखतो. खरं तर अंडाशयाचा तुकडा राखायची पद्धत पुढं गाईपर्यंत नीट पोचली तर हा प्रश्न हलका होईल. निरोगी जनावर आपल्या वेळेनं गेलं की तुकडा राखायचा, जिवंतपणी टोचायची गरज कमी. लहानपणी मेलेल्या गोऱ्ह्याच्या बाबतीतही तेच. म्हणून मला या संशोधनात नुसत्या दुधापेक्षा हे जास्त मोलाचं वाटतं.

दोन दिवसांनी माय आपणहून गोठ्यात आली. गुणीच्या गळ्याला खाजवत उभी राहिली. म्हणाली, "दोनदा बघ. तिसऱ्यांदा तिच्या अंगाला हात लावू देऊ नको." मग म्हणाली, "लिही." आणि रतनपासून सांगत सुटली. कोणती गाय कुठल्या वळूला भरवली, तो वळू कुठल्या गावच्या देवाला सोडलेला, कुणाचं वासरू कुठं दिलं. मी पोराच्या जुन्या वहीत लिहीत गेलो. नऊ पानं भरली. त्यात मी २०१६ ला विकलेल्या एका कालवडीचं गाव पण निघालं. मी विसरलो होतो, मायला माहीत होतं. पुढच्या आठवड्यात मोटारसायकल काढून जाणार आहे. ती असेल नसेल, तिची लेक असेल.

बिल्ल्याच्या दुरुस्तीसाठी अर्ज दिलाय. तीन चकरा झाल्या, चौथीला होईल म्हणालेत. गुणीचे चारही बाजूंनी फोटो, गावातल्या दोन जुन्या जाणत्या माणसांच्या सह्या आणि मायच्या नऊ पानांची झेरॉक्स जोडली आहे. ती झेरॉक्स कुणी वाचेल का माहीत नाही, पण जोडली.

माझं म्हणणं थोडक्यात चार ओळींत मांडतो.

१. आज संध्याकाळी आपल्या जनावराच्या बिल्ल्याचा नंबर आणि त्यावर नोंदलेली जात तपासून घ्या. चूक असेल तर अर्ज करा. दुरुस्ती फुकट नसते, चकरा लागतात, पण करा.

२. घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर गाईच्या पिढ्या विचारून लिहून काढा. वळू कुठला, वासरं कुणाकडं गेली, हे सगळं. ते माणूस गेलं की ती नोंद परत मिळत नाही.

३. निवड करणाऱ्यांनी नुसतं दूध बघू नये. वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या वंशांतल्या जनावरांचं बी राखावं, थोडं थोडं का होईना. आणि जाणत्या पशुपालकाला त्या निवडीत बसवावं. त्याला सूक्ष्मदर्शक कळत नाही, पण वानेरा कळते.

४. ज्याच्या गाईचं बीजांड किंवा तुकडा घेतला त्याला लेखी कागद द्यावा. किती घेतले, किती भ्रूण झाले, कुठं गेले, त्यातलं त्याचं काय. बाजार समितीत सोयाबीनचं पोतं घातलं तरी पावती मिळते. इथं पाच पिढ्यांचं बी द्यायचं आहे.

गुणीची तारीख नोंद दुरुस्त झाल्यावर मिळणार आहे. तिचं वय बघता एकेक महिना महत्त्वाचा आहे. कदाचित बीजांडं मिळतील, कदाचित एकही कामाचं निघणार नाही. मिळाली आणि भ्रूण झाले तर माझ्या संकरित गाईच्याच पोटात वाढवायचं ठरवलंय. चौदा लिटरवालीच्या पोटी रतनची पणती-खापरपणती जन्माला येईल, असं मायला सांगितलं तर ती पहिल्यांदा हसली.

काही झालं नाही तरी ते पण इथं लिहीन. नुसतं यशाचं लिहायचं आणि फसलेलं लपवायचं, असं या पानावर आपण कधी केलं नाही.

उदगीर, देवणी, कंधार, अहमदपूर भागात कुणाकडं वानेरा असेल, किंवा २०१६ ला आमच्याकडची कालवड कुणी घेतलेली आठवत असेल, तर कळवा. विकत मागायला येणार नाही. फक्त बघायला आणि वहीत लिहायला येतो.

चूकभूल द्यावी घ्यावी. राम राम.